डाव्या खांद्याची बंदूक

माझ्या पोटावर पाय आणला तो रानहंसांनी. लोक सगळ्याचं खापर करोनावर फोडतात, मीही फोडलं असतं, पण करोनानं मला नुसतं घरात डांबलं. बाकीचं काम हंसांनी केलं.

मी नेदरलँड्समध्ये वाखनिंगनला गवतावर संशोधन करते. हे सांगितलं की सांगलीतले नातेवाईक अजून विचारतात, "गवतावर? म्हणजे जे आपोआप उगवतं त्यावर?" हो, त्यावरच. खत कमी घालून गाईंना चांगलं गवत कसं मिळेल, त्यात क्लोव्हर, म्हणजे तीन पानांची शेंगवर्गीय वनस्पती, किती मिसळायचं, असा तो विषय. माझे वाफे गावाबाहेर, नदीच्या काठाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीवर होते. पहिल्या लॉकडाउनच्या वसंतात आम्हाला काही आठवडे शेतावर जायला बंदी होती. बंदी उठल्यावर सायकल मारत गेले तर वाफ्यांच्या जागी न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखी जमीन, आणि जिकडेतिकडे हिरवट विष्ठा. शेदोनशे हंस बांधावर उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना अस्सल सांगलीच्या शिव्या दिल्या. एकही हलला नाही.

दुसऱ्या वर्षी मी रंगीत फिती बांधल्या, घारीसारखे पतंग उडवले, आवाज करणारं यंत्र लावलं. हंस चार दिवस बिचकले. पाचव्या दिवशी पतंगाच्या सावलीत बसून चरले. यंत्राला मात्र पलीकडची माणसं बिचकली आणि त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली.

मग आमच्या प्रोफेसरबाईंनी स्क्रीनवरून, फार हळुवारपणे, मला सांगितलं की तिसरा हंगाम शेवटचा. पहिल्या कापणीचा पूर्ण डेटा मिळाला तर काँट्रॅक्ट वाढेल, नाही तर नाही. काँट्रॅक्ट नाही म्हणजे परमिट नाही. परमिट नाही म्हणजे गाशा गुंडाळा. आठ वर्षं राहिले होते मी इथं. एकटीनं घर लावलं होतं, खिडकीत कढीपत्ता जगवला होता, डच लोकांशी डचमध्ये भांडायला शिकले होते. हे सगळं गवत खाणाऱ्या पाखरांमुळे सोडून जायचं, या विचारानंच डोक्यात तिडीक जायची.

शेतकरी आजोबा म्हणाले, पूर्वी असं होत नसे. दर हिवाळ्यात ते स्वतः रीतसर परवानगी घेऊन मोजके हंस मारत. मग बाकीच्यांना कळायचं की हे शेत बरं नाही, आणि ते नदीपलीकडच्या कुरणात जायचे, तिथं त्यांना चरायला मोकळीकच आहे. पण आजोबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बंदूक बंद केली होती. मुलांपैकी कोणी शेतात नाही. शहरातली एक शिकारी मंडळी त्यांच्या मागे लागली होती, शिकारीचा हक्क आम्हाला द्या म्हणून. आजोबांना ती पसंत नव्हती.

"येतात, धडाधड उडवतात, निम्मे पक्षी जखमी करतात आणि बिअर प्यायला जातात," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "तूच का नाही शिकत?"

ते थट्टेत म्हणाले होते. पण थट्टा मला चावते, हा माझा जुना रोग आहे. त्याच आठवड्यात मी शिकारीच्या कोर्सला नाव घातलं.

तो कोर्स म्हणजे एक प्रकरणच होतं. निम्मा स्क्रीनवर, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचं काम. बदकांच्या जाती मी पायजमा घालून, चहा पीत, चित्रांवरून पाठ केल्या. परीक्षा दोनदा पुढे गेली. नेमबाजी शिकवणारे गृहस्थ नियमाप्रमाणे दीड मीटर लांब उभे राहून ओरडत. पहिल्याच दिवशी त्यांनी डोळ्यांची चाचणी घेतली. दोन्ही हातांचे तळवे जोडून मधे फट ठेवायची, तिच्यातून लांबचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो तो आपला खरा डोळा, नेम त्याचा. माझा डावा निघाला.

"मग डाव्या खांद्यावरून मारा," ते म्हणाले.

"मी उजव्या हाताची आहे," मी म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. नाव विचारल्यावर नाव सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी खांदे उडवले आणि माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला. म्हणजे डावा डोळा गप्प. तसं अर्धं आंधळं होऊन मी परीक्षा पास झाले, तीही काठावर.

आजोबांना ते काठावरचं पसंत पडलं नाही. परीक्षा पास होणारे खूप बघितलेत, ते म्हणाले. त्यांचा नियम वेगळा. नाताळाच्या आत, स्वतःच्या बंदुकीनं, त्यांच्यासमोर हवेत उडवलेल्या मातीच्या दहा चकत्यांपैकी सहा फोडायच्या. मग त्यांच्या शेतावर शिकार करायच्या परवानगीवर ते सही करतील. जखमी पक्षी माझ्या खंदकात जाऊन मेला तर ते पाप माझं, तुझं नाही, असं म्हणाले. पाप हा शब्द डचमध्येही जड आहे. मी मान डोलावली.

तर आता बंदूक घ्यायची होती, आणि माझ्याकडे पैसे बेताचे.

मला वाटलं होतं बंदूक म्हणजे बंदूक. लांबून छर्रे उडवणारी नळी. पण ती घेणं हे लग्न ठरवण्यापेक्षा कठीण निघालं. नव्या बंदुकांच्या किमती बघून मी लॅपटॉप मिटला. जुन्यांत दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेल्या बारा बोअरच्या बंदुका अगदी कवडीमोलानं मिळतात, त्यांच्यावर नक्षीकाम असं की भिंतीवर लावावं. मी एक जवळजवळ घेतलीच होती. आजोबांनी फोनवरच झापलं. इथं शिशाचे छर्रे कधीच बंद झालेत, पोलादाचे वापरावे लागतात, आणि त्या जुन्या पातळ नळ्या पोलादासाठी बनलेल्याच नाहीत. म्हणूनच तर कवडीमोल. एका नळीची, आपोआप पुढचं काडतूस भरणारी बंदूक स्वस्त होती आणि पोलादालाही चालणारी होती. ती आजोबांना नको.

"दोन गोळ्या पुरतात," ते म्हणाले. "तिसरी माणूस रागानं मारतो. आणि तू रागीट आहेस."

राहिली एकावर एक नळ्या असलेली, पोलादाला चालेल अशी, आणि माझ्या मापाची. मी पाच फूट. इथल्या बंदुकांचे दस्ते सहा फुटी पुरुषांसाठी केलेले. खांद्याला लावली की माझा हात घोड्यापर्यंत पोचायचा नाही. दस्ता कापून घ्यायचा तर त्याचे वेगळे पैसे. स्वस्त असेल ती चालेना आणि चालेल ती स्वस्त मिळेना, अशी गत झाली.

या सगळ्यात आई आली. लस घेतलेल्यांना यायची मुभा मिळाली होती. बाबा गेल्यापासून ती सांगलीत एकटीच होती, आणि दुसऱ्या लाटेत तर आम्ही दोघी रोज फोनवर एकमेकींना जिवंत आहोत एवढंच सांगायचो. विमानतळावर तिला मिठी मारली तेव्हा दोघींचे मास्क ओले झाले. घरी येऊन पहिला चहा होईपर्यंत मात्र आमचं भांडण सुरू झालं होतं.

आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पहिलीचा वर्ग आयुष्यभर. आवाज असा की बोळाच्या टोकाला उभं असलेलं पोरही हात मागे बांधेल.

"हंस मारणार तू?" ती म्हणाली. "सरस्वतीचा हंस?"

"सरस्वतीनं माझं परमिट रिन्यू करून दिलं तर नाही मारणार."

"जीभ बघ," ती म्हणाली, आणि चहात साखर कमी आहे असं सांगितलं.

बंदुकीसाठी मी भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी घेतली होती, पोलीस येऊन ती बघूनही गेले होते. आईला ती फार आवडली. तिनं पाटल्या काढून हातात घेतल्या. मी सांगितलं की किल्ली फक्त माझ्याकडे राहणार, तिजोरी उघडी ठेवायची नाही आणि दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

"एवढी मोठी तिजोरी आणि सोनं ठेवायचं नाही," आई म्हणाली. "धन्य आहे तुमच्या देशाची."

"माझा देश कुठला, तेच तर ठरायचंय," मी म्हणाले. मग तिला सगळं सांगितलं. वाफे, प्रोफेसरबाई, आजोबांची अट. ती ऐकत राहिली. मला वाटलं म्हणेल, ये की मग परत, मी एकटीच आहे. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "कधी जायचं दुकानात?"

दुकान ब्रेडा शहराच्या बाहेर होतं. ट्रेनमध्ये आई खिडकीशी बसून गाई मोजत होती आणि मी फोनवर जाहिराती चाळत होते. दुकानदार पन्नाशीचा, गप्प, गळ्यात चष्मा लटकवलेला. त्यानं माझा परवाना नीट वाचला, माझी उंची बघितली, आणि मला न आवडणारा सुस्कारा टाकला.

त्यानं एकामागून एक बंदुका काढल्या. मी एकेक खांद्याला लावायची. त्यानं भिंतीवर एक खूण केली होती, डोळे मिटून बंदूक उचलायची आणि मग उघडून नेम कुठे आहे ते बघायचं. दर वेळी नेम भलतीकडेच. आई बाजूला खुर्चीवर बसून बघत होती. माठ घेताना जसा वाजवून घेतो तसं तिनं एका दस्त्यावर टकटक केलं. दुकानदारानं तिच्यासाठी कॉफी आणली.

"मान अशी वाकडी का करतेस?" आईनं विचारलं.

"कुठे करते?"

"करतेस. गाल पलीकडे नेतेस. मान अवघडलेल्या कोंबडीसारखी."

मी चिडले. खरं तर घाबरले होते. नाताळ सहा आठवड्यांवर, खिशाला परवडणारी एकही बंदूक मापात बसत नाही, मापात बसणारीचा नेम लागत नाही. माझ्या डोळ्यांसमोर वाफे दिसत होते, गुळगुळीत झालेले.

तेवढ्यात दुकानदार आत गेला आणि एक बंदूक घेऊन आला. एकावर एक नळ्या, पोलादाला चालणारी, दस्ता आखूड. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. बाकीच्यांच्या निम्मी. मग तो म्हणाला, पण ही डावखुऱ्या माणसासाठी आहे. अशा बंदुकीचा दस्ता किंचित बाहेर वळवलेला असतो, उजव्यांसाठी उजवीकडे, डाव्यांसाठी डावीकडे. ही एका बुटक्या डावखुऱ्या गृहस्थांनी मुद्दाम करून घेतली होती. दोन वर्षं पडून आहे. बुटके येतात, डावखुरे येतात, पण दोन्ही एकदम असलेला कोणी येत नाही.

"नको," मी डचमध्ये म्हणाले. "मी उजव्या हाताची आहे."

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

"ही डावखुऱ्यांची आहे म्हणे. म्हणून स्वस्त. आपल्या काय कामाची?"

आईनं कॉफीचा कप खाली ठेवला. मास्क वर ओढला, पुन्हा खाली केला.

"तीच घे," ती म्हणाली.

"अगं, मी उजवी आहे."

"नव्हतीस तू उजवी," आई म्हणाली. "तुला उजवी मी केली."

दुकानदार आमच्याकडे बघत होता. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज खाली आलेला त्यालाही कळला असावा.

मग तिनं सांगितलं, बंदुकांच्या त्या दुकानात, उभी राहून. मी सगळं डाव्यानं करायची. चमचा डाव्यानं, पेन्सिल डाव्यानं, कैरीला दगड डाव्यानं. प्रसाद घ्यायला डावा हात पुढे करायची आणि आजी सगळ्यांदेखत तो मागे ढकलायची. आई स्वतः पहिलीची बाई, तिच्याच वर्गात तिचीच मुलगी डावखुरी, लोक काय म्हणतील. मग तिनं उपाय काढला. लिहायला बसले की माझ्या डाव्या मुठीत चिंचोके द्यायची आणि सांगायची, सांडले तर खेळ संपला. मूठ मिटलेली राहायची आणि उजवा हात गिरवायचा.

मला ते आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं, पण खेळ म्हणून. मी तर मैत्रिणींना कौतुकानं सांगायची की आमच्या आईनं आम्हाला चिंचोक्यांनी अक्षरं शिकवली. त्यात दुसरा हात गुंतलेला होता हे कधी डोक्यातच आलं नाही.

"मारलं नाही हं कधी," आई म्हणाली.

"नाही मारलंस."

"पण सवय मोडली."

मला राग यायला हवा होता. येतो मला, पटकन येतो. त्या क्षणी नुसतं हलकं वाटलं. माझा नेम चुकत होता याला कारण होतं आणि मी बावळट नव्हते.

मी बंदूक घेतली आणि डाव्या खांद्याला लावली. गाल दस्त्यावर आपोआप टेकला. मान सरळ. डोळे मिटून उचलली, उघडले, तर नेम भिंतीवरच्या खुणेवर. परत केलं. परत खुणेवरच. दुकानदारानं गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि पहिल्यांदा हसला.

"थोडे कमी कर म्हणावं," आई म्हणाली. "दोन वर्षं पडून होती ना?"

मी विचारलं. त्यानं बंदूक पुसायची सळई आणि तेलाची बाटली फुकट दिली. आईचं समाधान झालं नाही, पण पदरी पडलं पवित्र झालं म्हणून तिनं पिशवी उचलली.

आता वाचणाऱ्याला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. कसला सुटतोय. नेम डाव्या डोळ्याचा असला तरी डाव्या हाताला तीस वर्षांत कोणी काही शिकवलं नव्हतं. घोडा ओढायला बोट वेळेवर जाईना. बंदूक खांद्यावर येताना काखेत अडके. पहिल्या सरावाला मी दहातल्या दोन फोडल्या. चिकटपट्टी लावून उजव्यानं याहून बऱ्या जमत होत्या. घरी येऊन मी म्हणाले, परत उजव्यावर जाते, वेळ नाही.

"बस खाली," आई म्हणाली. "जेव. उद्यापासून घेते तुला."

आणि तिनं मला घेतलं. पहिलीच्या पोराला घेतात तसं. सकाळी कामाच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर, पडदे ओढून, कारण खिडकीतून बंदूकवाली बाई दिसली असती तर अख्ख्या गल्लीनं पोलीस बोलावले असते. बंदूक रिकामी, ते मी तिच्यासमोर उघडून दाखवायची. मग उचल, लाव, खाली. उचल, लाव, खाली. आई सोफ्यावर बसून, शाल पांघरून, "परत" म्हणायची. "घाई कुणाची आहे? परत." "कोपर वर. परत." माझी एक मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करूनही मी उचल-लाव केलं. जेवताना तिनं मला भाजी डाव्यानं वाढायला लावली, दात डाव्यानं घासायला लावले. आजी असती तर तिथंच चक्कर येऊन पडली असती. एकदा मी वैतागून म्हणाले, तीस वर्षांपूर्वी सोडून दिलं असतंस तर आज ही कसरत लागली नसती. आई म्हणाली, "हो." आणि मग म्हणाली, "परत."

डिसेंबरच्या सुरुवातीला आजोबा आम्हाला त्यांच्या गाडीतून मैदानावर घेऊन गेले. मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून, थंडीनं दात वाजत. आई मागे बसली होती, साडीवर माझं जाड जाकीट घालून. आजोबा तिला डचमध्ये काहीतरी म्हणत, ती त्यांना मराठीत उत्तर देत होती, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

पहिली चकती गेली. दुसरी गेली. मला घाम फुटला. आता आठातल्या सहा. आई "परत" म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मी डोळे मिटले, घरातल्यासारखी बंदूक एकदा उचलून खाली केली, आणि मग चकती सोडायची हाक दिली. चकती उडाली आणि हवेत काळा धूर झाला. चौथीही फुटली. पाचवी फुटली. सहावीच्या कडेला छर्रे लागले आणि तुकडा उडाला, आजोबांनी मान हलवली, चालेल. सातवी हुकली. आठवी फुटली, नववी हुकली. आता दहावी फुटायलाच हवी होती. मी हाक दिली, चकती डावीकडून उजवीकडे निघाली, मी नेम तिच्या पुढे नेला आणि घोडा ओढला.

ती फुटलेली मी बघितलीच नाही. मागून आईचा आवाज ऐकला. ती आजोबांना ठणकावून सांगत होती, "सहा. मी मोजलेत." आजोबांनी खिशातून पेन काढलं आणि गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली.

जानेवारीत, पुन्हा लॉकडाउन, सगळी दुकानं बंद, सगळे लोक घरात, मी पहिल्यांदा पहाटे वाफ्यांच्या कडेला खंदकात बसले. आजोबा शेजारी, कुत्र्याला धरून. उजाडायला लागलं तसे हंस आले. आधी आवाज, मग रेघ, मग तो सगळा थवा पाय खाली सोडून माझ्या गवतावर उतरायला लागला. मी दोन वर्षं त्यांना शिव्या दिल्या होत्या आणि तेव्हा ते मला इतके सुंदर वाटले की माझा हात थबकला. मी उठले, बंदूक डाव्या खांद्याला लागली, आणि सगळ्यात जवळचा पक्षी सरळ खाली पडला. जागच्या जागी. बाकीचे कल्लोळ करत नदीपलीकडे गेले.

मी त्याच्याजवळ गेले. त्याची छाती अजून गरम होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आजोबा म्हणाले, असंच असावं, ज्या दिवशी काही वाटणार नाही त्या दिवशी बंदूक परत कर.

आईनं त्याचा कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. तीन तास शिजत होता. आजोबा दारात पार्सल घ्यायला आले, तिथंच उभ्या-उभ्या झाकण उघडून बोटानं चाखलं, आणि डोळ्यांत पाणी येऊन खोकत सुटले. मग अजून थोडं मिळेल का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. सरस्वतीचा विषय आईनं पुन्हा काढला नाही.

महिनाअखेरीला ती परत गेली. त्यानंतर मी पाच-सहा वेळा पहाटे खंदकात बसले, त्यातल्या दोनदाच बंदूक उडवावी लागली. हंस हुशार असतात. त्यांनी नदीपलीकडचं कुरण पत्करलं. मार्चमध्ये गवत घोट्याएवढं झालं, एप्रिलमध्ये क्लोव्हरनं जोर धरला. मी डोळ्यांत तेल घालून रोज जायची आणि रोज ते तिथंच असायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात कापणी केली. सगळे वाफे, सगळी वजनं. गवताचा तो ताजा वास घेत मी तिथंच बसून राहिले.

काँट्रॅक्ट दोन आठवड्यांनी आलं. संस्थेच्या ऑफिसात प्रत्यक्ष सही करायला बोलावलं होतं, माणसं पुन्हा एकमेकांना भेटायला लागली होती. मी बाहेरच्या बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे दुपार होती, ती शेंगा सोलत होती. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. तिनं चष्मा शोधला, लावला, आणि इंग्रजी ओळ न ओळ वाचायला लागली, जणू त्यात चूक सापडणारच होती.

"तीन वर्षं," ती म्हणाली.

"तीन वर्षं."

"बरं झालं." तिनं पदरानं नाक पुसलं. "सही केलीस?"

"आत्ता करणार. तुला दाखवून मग करायची होती."

"कोणत्या हातानं करणार?"

मला हसू आलं. "उजव्याच. डाव्यानं मला साधं नावसुद्धा लिहिता येत नाही, आई."

ती शेंगा सोलायची थांबली.

"आज उजव्यानं कर," ती म्हणाली. "उद्या सकाळी तुझं ऑफिस सुरू व्हायच्या आधी मला फोन लाव. कोरी वही घेऊन बस. अ पासून सुरू करू."